पोळ्याची पहिली टोपी

माझं माहेर घोडेगावकडचं. तिकडे ढग आले की माणसं हातातलं काम टाकून वर बघतात आणि ढग पुढे सरकले की मुकाट पुन्हा कामाला लागतात. आमच्या घरात छत्री एकच होती, तीही वडील उन्हासाठी वापरायचे. अशा घरातल्या मुलीला दिलं कुठे, तर भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेल्या एका वाडीत. इथे एकदा पाऊस आला की तो पाहुणा राहत नाही, रेशनकार्डावर नाव लावायचंच काय ते बाकी ठेवतो.

स्थळ बघायला वडील आले ते उन्हाळ्यात, त्यामुळे पाऊस त्यांना दिसला नाही. दिसली ती पडवीच्या भिंतीवरची बंदूक. त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांनी ते बरोबर हेरलं.

"भिऊ नगा," ते म्हणाले, "ही डुकरांसाठी हाय. पावन्यांसाठी न्हाई."

वडील हसले खरे, पण घरी आल्यावर मला बजावलं की बाई, त्या घरात सासऱ्याला उलट बोलू नकोस. माझी जीभ त्यांना ठाऊक होती. मी अर्थातच ऐकलं नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या, आणि गेली कित्येक वर्षं दोघांशीही मनसोक्त भांडते. बंदुकीने आजवर मला काही केलेलं नाही.

ती ठासणीची बंदूक आहे. काडतूस वगैरे भानगड नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा घालायचा आणि लोखंडी गजाने ठासायचं. मागच्या बाजूला घोड्याखाली एक बारीक पोकळ नळी असते, तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी त्या बारीक भोकातून आत जाते आणि बार उडतो. पीक राखायचा परवाना मामांच्या वडिलांचा होता, तो पुढे मामांच्या नावावर झाला. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. मामा बांधावरून डोंगराकडे तोंड करून नुसत्या दारूचा एक बार काढतात आणि डुकरं पलीकडच्या वाडीत जातात. पलीकडच्या वाडीचं आमच्याबद्दलचं मत फारसं चांगलं नाही.

आता आमच्या पावसात अशी बंदूक उडवायची म्हणजे गंमत नव्हे. इथे भिंतींना शेवाळ येतं, पापड आठवड्यात लुळे पडतात, काड्यापेटी पोलक्यात ठेवावी लागते. मामांनी त्यावर स्वतःचं एक शास्त्र बसवलं आहे. दारूची बाटली ते भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवतात, कारण भात ओल पिऊन घेतो. नळी आधी कोरड्या चिंधीने पुसतात, कारण आत तेलाचा थेंब राहिला तरी दारू चिकटते. मग बार भरण्याआधी रिकाम्या बंदुकीवर एक टोपी फोडतात. नळीचं तोंड गवताच्या पात्याशी धरायचं, टोपी फुटल्यावर पातं हललं तर आतली वाट मोकळी. बार भरला की टोपीच्या कडेने मेण दाबायचं आणि घोड्याची बाजू काखेत धरून, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद ओढून बांधावर निघायचं.

आणि पावसातून परत आणलेली बंदूक ते कधीही चुलीपाशी नेत नाहीत. गार लोखंड उबेला आलं की त्याला आतून घाम सुटतो, असं त्यांचं म्हणणं. बंदूक पडवीतच राहते. मी भिजून आले तर मात्र "जा, चुलीपाशी बस" म्हणतात. तिच्यात आणि माझ्यात त्यांनी केलेला हा एकच भेद माझ्या बाजूचा आहे. बाकी सगळा लाड तिचाच.

तर हे सगळं केल्यावर ती बंदूक कसल्याही धो धो पावसात पहिल्या टोपीला उडते. मी स्वतः पाहिलं आहे. फक्त वर्षातला एक दिवस सोडून, आणि तो दिवस पोळ्याचा.

आमच्या वाडीत पोळा बाराने फुटतो. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याच्या अलीकडे सगळे बैल रांगेने उभे राहतात. शिंगांना फुगे, अंगावर झुली, आणि झुलींवर हल्ली कागद, कारण पाऊस. मामा पुढे येतात, डोंगराच्या दिशेने नुसत्या दारूचा बार काढतात, आणि त्या आवाजाबरोबर बैल तोरणाखालून पळत सुटतात. पोलीस ठाण्याला दरवर्षी रीतसर कळवलेलं असतं. हा मान आमच्या घराचा आहे आणि मामा वर्षभर त्याच्यावर जगतात. त्या दिवशी तोरणाआधी कुठेही टोपी फोडायची नाही, पहिली ठिणगी देवापुढेच पडली पाहिजे, असा रिवाज. म्हणजे गवताच्या पात्याची ती परीक्षा त्या दिवशी बंद.

आणि दरवर्षी पहिली टोपी फुसकी. 'टक्' असा आवाज, एवढासा धूर, बस. गाव हसायचं. मामा बायकांच्या घोळक्याकडे वळून मोठ्याने ओरडायचे, "पावसानं!" मग दुसरी टोपी लावायचे आणि बार उडायचा. तीन टोप्यांपर्यंत गाव थांबतं, असंही ठरलेलं. माझ्या लग्नानंतरच्या सगळ्या पोळ्यांना हे असंच झालं. लोकांना तो पोळ्याचाच एक भाग वाटायला लागला होता.

पण दोन वर्षांपूर्वी घोटाळा झाला. पाऊस असा की समोरचं देऊळ दिसेना. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. तेवढ्यात एका बैलाने पुढे उभ्या असलेल्या पोलीसपाटलांच्या गळ्यातला हार शांतपणे खाऊन टाकला. त्यांनी मागे वळून बैलाला हटकलं, बैल बिचकला, रांग मोडली आणि बार उडण्याआधीच पोळा फुटला. चौथ्या टोपीला बंदूक उडाली तेव्हा तोरणाखाली आम्ही बायका आणि दोन कोंबड्या उरलो होतो.

त्यावर वर्षभर चर्चा झाली. गेल्या वर्षी पोळा जवळ आल्यावर देवळात बैठक बसली. बैल आता थोडे राहिलेत, धरण बघायला आलेली माणसं मोबाईल घेऊन उभी असतात, त्यांच्यापुढे शोभा नको, असं पोलीसपाटलांचं म्हणणं. ठरलं असं, की यंदा एकच टोपी. ती फुसकली तर पाटील सुतळी बॉम्ब लावतील, आणि मग दरवर्षी बॉम्बच. बंदुकीचा मान संपला.

मामा घरी आले आणि ताटावर बसून नुसता भात चिवडत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "बराबर हाय त्यांचं." असं मामा कुणाबद्दल म्हणत नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी भांडायची विसरले.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता माझ्या डोक्यात आलं, की ही बया वर्षभर पहिल्या टोपीला उडते, त्याहून वाईट पावसात उडते, मग पोळ्यालाच का रुसते? पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या घरात असं होतं तरी काय? आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं.

आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात, ते खांदे लोणी आणि हळद लावून मळायचे. आत्या ते फार मायेने करतात. बैलांचं झालं की उरलेलं लोणी नांगराला. आणि नांगराचं झालं की बंदुकीला! दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत लोणी चोळायचं, मग एक बोटभर नळीच्या तोंडात आणि एक चिमूट घोड्याखालच्या त्या बारीक भोकात. "तिच्याबी खांद्यावर भार असतो की," असं आत्या म्हणतात. कुणाच्या घरात बंदुकीची खांदमळणी होते का? आमच्या घरात होते. नळीतलं लोणी सकाळी चिंधीने निघतं. भोकातलं कसं निघणार? पहिली टोपी ते जाळून वाट मोकळी करते आणि दुसऱ्या टोपीला बार उडतो. तीन टोप्या गेल्या त्या वर्षी चिमूट जरा मोठी झाली असणार. पावसाचा काही संबंधच नाही.

मी आधी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "आईला तू सांग." असा शूर माणूस. मग मी मामांना गाठलं. ते पडवीत टोप्यांची डबी उन्हाच्या एका कवडशात धरून बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते उठून उभेच राहतील. ते टोप्या मोजत राहिले.

"मला ठाव न्हाई व्हय?" ते म्हणाले.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"ती नवी नवरी हुती तवापास्नं."

आत्यांच्या लग्नानंतरचा तो पहिला पोळा. घरात हाताला काम भरपूर, पण मानाचं असं नव्या सुनेला कुणी काही करू दिलं नव्हतं. खांदमळणी तेवढी तिच्याकडे आली. तिने आनंदाच्या भरात बंदुकीलाही लोणी लावलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावापुढे टोपी फुसकली, लोक हसले, आणि बायकांच्या घोळक्यातली ती पोर रडवेली होऊन बघायला लागली. तिलाही शंका आली असावी. तेव्हा मामा ओरडले, "पावसानं!"

"आता येवढ्या वरसांनी तिला काय सांगू?" मामा म्हणाले. "तुज्या लोन्यानं गाव माज्यावर हसत हुतं, आसं? ऱ्हाऊ दे. मान गेला तर गेला."

मला संताप आला आणि रडूही आलं. एका बाजूला जन्मभर जपलेला मान, दुसऱ्या बाजूला बोटभर लोणी, आणि हा माणूस लोण्याच्या बाजूने उभा. मी म्हटलं, "मामा, मान जाणार नाही आणि आत्यांना कळणारही नाही. तुम्ही फक्त गप्प बसा." गप्प बसण्यात ते पटाईत आहेत हे मला त्या दिवशी कळलं होतंच.

खांदमळणीच्या दिवशी दुपारीच मी बंदूक खाली घेतली. भोकाच्या नळीवर एक फुटलेली जुनी टोपी घट्ट बसवली आणि तिच्याभोवती मेण दाबलं. नळीच्या तोंडावर बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्यातला एक लाल फुगा न फुगवता ओढला, वर रेशमी गोंडा बांधला. आत्या लोण्याची वाटी घेऊन आल्या.

"ह्ये काय?"

"बैलांना शिंगांना फुगे, मग हिला नको का? शोभा आहे."

आत्यांनी फुग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फुग्याला लोणी चोळलं. टोपीवरूनही बोट फिरवलं. लोणी सगळं बाहेर राहिलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पोळ्याच्या दिवशी पाऊस सकाळपासून कोसळत होता. तोरणाखाली चिखल, बैलांच्या रंगाचे ओघळ, मोबाईल कागदात गुंडाळून उभे राहिलेले पाहुणे. पोलीसपाटील सुतळी बॉम्बची पिशवी घेऊन देवळाच्या पायरीवर तयार. मामांनी पुढे येऊन फुगा काढला, जुनी टोपी काढली. माझ्या नवऱ्याने दोन्ही हातांनी कागद डोक्यावर ताणून धरला आणि त्याच्या आडोशाने मामांनी दारू ओतली, बोळा घातला, गजाने ठासलं. टोपी बसवली. आता फक्त मेण.

मामांची बोटं गारठली होती. मेणाचा गोळा कडक झालेला, तो टोपीच्या कडेला चिकटेना. त्यांनी फुंकर घातली, पुन्हा दाबला, आणि गोळा निसटून चिखलात पडला. एका खुराखाली गेला. टोपीवर पाण्याचे थेंब उडायला लागले. पाटलांनी काड्यापेटी काढली.

तेवढ्यात आत्या ओवाळणीचं ताट घेऊन बायकांच्या घोळक्यातून तरातरा पुढे गेल्या. ताटात बैलांना लावायच्या लोण्याची वाटी होती. त्यांनी बोटभर लोणी घेतलं आणि टोपीच्या कडेने, मेण लावतात तसं, जाड थापलं. मी डोळे मिटून घेतले. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. पुसून टाकायला अंगठा पुरेसा होता. त्यांनी पुसलं नाही. नळी डोंगराकडे केली आणि चाप ओढला.

असा बार मी आयुष्यात ऐकला नव्हता. देवळाच्या पत्र्यावरचं पाणी एकदम खाली आलं, बैल सुटले, आणि 'फुसकी' म्हणून ओरडायला तोंड उघडून बसलेल्या गावाला क्षणभर काय ओरडावं ते कळेना. मग एकच कल्ला झाला. लोणी बाहेरून लागलं होतं, थेंब वरून घसरून गेले होते, आत ठिणगीची वाट कोरडी होती. पोलीसपाटील तर सगळं विसरून नाचायला लागले आणि आनंदाने बॉम्ब लावायला गेले. एकही उडाला नाही. सगळे सर्दावले होते. त्यांनीच मग देवळाच्या पायरीवरून जाहीर करून टाकलं की बंदुकीचा मान बंदुकीकडे, आणि टोप्या पूर्वीसारख्या तीन.

दिवेलागणीला मी आणि आत्या चुलीपाशी होतो. बाहेर पडवीत मामा आल्यागेल्याला तो बार पुन्हा पुन्हा सांगत होते. आत्या पोळी लाटत होत्या, मी भाजत होते.

"फुगा कशापायी बांदलास?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"शोभेला," मी म्हटलं.

"शोभेला! मला येडी समजतीस व्हय? वरीसभर पयल्या टोपीला उडती आन पोळ्यालाच रुसती. मला तिसऱ्याच पोळ्याला कळलं हुतं."

माझी पोळी तव्यावर करपली. भांडी घासताना मला जो शोध लागला म्हणून मी एवढी मिरवत होते, तो यांना माझ्या जन्माआधीच लागला होता.

"मग कळल्यावरही लावत का राहिलात?"

आत्यांनी पुरणाचा गोळा हातात फिरवला. जरा लाजल्यासारख्या वाटल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"टोपी फुसकली की समद्या गावाम्होरं ते माज्याकडं बघत्यात. आन वरडत्यात, पावसानं. उभ्या वरसात त्यो मानूस माज्यासाठी येकदाच खोटं बोलतो. ते बी सोडू?" मग पोळी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "यंदा त्यांच्या मानाचा परश्न हुता, म्हनून फुगा ऱ्हाऊ दिला. पुढल्या पोळ्याला नगं बांदूस."

मी हसायला लागले आणि हसता हसता डोळे भरून आले. चुलीच्या धुराचं निमित्त सांगायची सोय होती, पण मी सांगितलं नाही. मामांचं मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांचं मामांना. या एका बाबतीत माझ्या जिभेने माझी लाज राखली.

यंदाच्या पोळ्याला मी फुगा बांधला नाही. खांदमळणीला आत्यांनी बंदुकीला दस्त्यापासून टोकापर्यंत लोणी चोळलं, नळीच्या तोंडात बोटभर घातलं आणि भोकात चिमूटभर. मी वाटी धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी तोरणापुढे सगळं गाव जमलं. मामांनी चाप ओढला. टक्, एवढासा धूर, आणि गाव खदखदून हसलं. मामा बायकांच्या घोळक्याकडे वळले, नेमकं आत्यांकडे बघितलं आणि छाती भरून ओरडले, "पावसानं!"

त्या दिवशी आमच्या वाडीवर लख्ख ऊन पडलं होतं.